गाडग्याले याद नसते

माह्या लहानपणी आमच्या घरची सकाळ कोंबड्यानं होत नव्हती, मागानं होये. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, पायानं पावडी दाबत, अन पयला धोटा इकडून तिकडं गेला का तो खट्ट आवाज झोपलेल्या पोरांच्या कानात जाये. एका घरचा माग ऐकून दुसऱ्या घरचा सुरू होये, दुसऱ्याचा ऐकून तिसऱ्याचा. चहा होईस्तोवर सारी गल्ली खडखड करून राहे. महाल भागाच्या पलीकडं आम्हा विणकरांची वस्ती होती. पाहुणे येत तर म्हणत, तुम्हाले झोप कशी येते बाप्पा या आवाजात? आम्हाले तर आवाज बंद झाला का जाग येये. मी चौथीपर्यंत शिकली, लिहाचा सराव सुटला, म्हून मी सांगून राहिली अन माही नात लिहून राहिली. तिले मी सांगतलं, माह्या बोलण्याले इस्त्री करू नको, जसं निघन तसं लिही.

घर म्हणजे एक लांब खोली होती. अर्धी मागाची, अर्धी माणसांची, अन मागाची अर्धी जराशी मोठीच. चूल मागच्या पडवीत. ज्या दिवशी ताण्याले खळ लावाची राहे त्या दिवशी माय मोठ्या गंजात तांदळाची खळ शिजवे, अन तो वास सुटला का आम्हाले भूक लागे. खळ ताण्यासाठी, आमच्यासाठी ज्वारीची भाकर. पण माय गंजाच्या तळाशी जरा खळ सोडे, त्यात मीठ अन हिरवी मिरची चुरे, अन आम्ही दोघं बहीणभाऊ बोटानं चाटत. ऐतवारी गोळ्याची कढी होये. बाबा कढीचा भुरका मारत त्याचाही आवाज मले अजून याद हाये. मी नंतर मोठ्या घरी जेवली, लग्नाच्या पंगती पायल्या, पण त्या गंजाच्या तळासारखं काही लागलं नाही.

आमच्याकडं करवती काठाचं लुगडं विणत. अंग कोशाचं, म्हणजे जंगली रेशमाचं, पिवळट, काठ तांबड्या रेशमाचा, अन दोघांची गाठ पडते तिथं करवतीसारखे दात. हे काम एका धोट्यानं होत नाही, तीन धोटे लागते. मधला अंगाचा, अन दोन बाजूले दोन लहान धोटे काठाचे. मधला धोटा बाबा फेकत. एका बाजूले माहा मोठा भाऊ नत्थूदादा बसे, दुसऱ्या बाजूले माय. मी रहाटावर कांड्या भरो. कांडी म्हणजे धोट्यात बसते थे सुताची लहान नळी. दादाचं काम म्हणजे रेशीम जरासं आत न्यायचं, मंग आणखी आत, मंग हळूहळू बाहेर आणायचं. झाला एक दात. दात आत गेला का बाहेर येतेच, बाहेर आला का परत आत जातेच. लहान होता तेव्हापासून दादाच्या बोटांले हेच ठाऊक. डोळे मिटून केलं तरी त्याचा दात चुके नाही. बाबा तोंडावर कधी वाखाणत नसत, पण गल्लीत म्हणत, "माह्या पोट्ट्याच्या हाताले याद हाये."

कोसा अन रेशीम आमचं नव्हतं. इतवारीच्या बाजारातले एक शेठजी तोलून देत, अन लुगडं झालं का तोलून घेत. जेवढं गेलं तेवढं परत आलं पायजे. शेठजी माणूस कडक, पण सरळ. त्यांच्याकडून रेशीम मिळते म्हणजे हे घर भरवशाचं, असं गल्लीत समजत. रेशमाची पेटी पत्र्याची होती, देवाच्या फळीखाली ठेवत. तिले कुलूप नव्हतं. घरातल्याच माणसांसाठी कुलूप कोण लावते?

गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला होता. तिथं पान कमी अन सट्टापट्टी जास्त. सट्टापट्टी म्हणजे काय, थे आजच्या पोरांसाठी सांगते. शून्यापासून नवापर्यंत एक आकडा मनात धरायचा, त्याच्यावर पैसे लावायचे, ठेलेवाला चिटोऱ्यावर लिहून देये. मुंबईत कोठीतरी आकडा निघे. पयले म्हणे मटक्यातून चिठ्ठ्या काढत. अन सकाळी तो आकडा ठेल्याच्या फळीवर खडूनं लिहिलेला राहे. आकडा लागला तर पैसे, नाही लागला तर उद्या. त्या 'उद्या'वरच सारा धंदा चाले. अर्धी गल्ली सकाळी उठून देवाच्या आधी ती फळी पाहे. आकडा कोठूनही काढत लोक. कोणी मोटारीच्या पाटीवरून काढे, कोणी पोराच्या जन्मवारावरून. शेजारच्या वच्छीकाकूचा नवरा रोज लावे, अन सपनं पाहाचं काम काकूकडं होतं.

"काल सपनात म्हैस आली वं," काकू नळावर म्हणे. "म्हशीचा आकडा कोणता?"

"म्हशीले पाय किती?" माय पितळेची गुंडी घासता घासता विचारे.

"चार."

"मंग चार."

"अन शिंगं धरली तर सहा होते न!"

"शेपूट काहून सोडलं वं? धार काढाले ठेवलं का?"

नळावरच्या साऱ्या बाया हासत. काकूही हासे. त्या हासण्यामागं तिच्या घरी चूल कितीदा पेटत नाही, हे तेव्हा मले समजत नव्हतं.

नत्थूदादा तेव्हा मिसरूड फुटलेला पोट्टा. त्याच्या सोबतचे पोट्टे ठेल्याजवळ उभे राहत, हाही राहे. एक दिवस त्यानं गंमत म्हून आकडा लावला अन तो लागला. हेच वाईट झालं. घरी येताना त्यानं जिलबी आणली, मायले हिरव्या बांगड्या, मले लाल रिबीन. मायनं विचारलं, "कोठून आणलं गा?" तर म्हणे, "इतवारीत पोते उतरवले." मायनं त्याचे हात हातात घेऊन पायले. पोते उतरवणाऱ्याचे हात तसे राहत नाही. बांगड्या तिनं घातल्या नाही, खिडकीत ठेवून देल्या. मले आता कोणी विचारलं, पोराले जुगार कसा लागते, तर मी म्हणते, जिंकून लागते. पयल्याच वेळी हारला तर माणूस कपडे झटकून घरी येते.

मंग दादा त्यात खोल गेला. पण दुसऱ्या पोट्ट्यांसारखा सपनांवर नाही. त्याचं डोकं विणकराचं. तो फळीवरचा आकडा रोज पाहे अन एका दोऱ्यावर गाठ मारे. एकीचा आकडा आला, म्हणजे एक, तीन, पाच असा, तर हिरव्या सुताची गाठ. बेकीचा आला तर लाल सुताची. तो दोरा त्यानं मागाच्या खांबाले बांधला होता. घरातल्यांले वाटे, पोट्टा काठाची नवी नक्षी काढून राहिला. मीच एक दिवस कांड्या भरता भरता विचारलं.

"दादा, ही कशाची नक्षी हाये?"

"सट्ट्याची," तो हळूच म्हणे. "लोक येडे हाये वं कौसे, म्हशीचे पाय मोजते. याच्यात नक्षी हाये. मी शोधून काढली."

"कशी?"

"हे पाह्य. हिरवी, हिरवी, लाल, मंग परत हिरवी. हिरवी जास्त झाली का लाल आलीच पायजे. काठाचा दात नाही का, आत गेला का बाहेर येतेच. किती आत जाईन? कधी ना कधी परतीनच न."

मले तर थे पटलं. काहून नाही पटणार? मीही विणकराचीच पोरगी. आमच्या डोळ्यांनी जन्मापासून जे पायलं, त्यात गेलेला रंग परत येयेच. परत आला नाही तर लुगडंच होत नाही.

त्या वर्षी शेठजीनं एका लग्नाच्या लुगड्याचं काम देलं. चांगलं रेशीम, गडद तांबडं, भिजलेल्या कुंकवासारखं. लुगडं अर्ध्याच्या वर झालं होतं. दुपारची वेळ होती. पडवीत वांग्याची भाजी शिजून राहिली होती. बाबांनी हाक मारली, "कौसे, काठाच्या कांड्या सरल्या, भर." मी पेटी उघडली. वरची लडी काढली, तिच्या खालची हातात घेतली, अन माहा हात तिथंच थांबला. रेशीम बोटात धरून दाबलं का चुरचुर वाजते, कोरड्या पानासारखं. ही लडी मुकी होती. रंग तोच, तांबडा. पण सूत. मी तिसरी काढली. तीही मुकीच. वर एक रेशमाची, खाली साऱ्या सुताच्या.

मी दादाकडं पायलं. तो माह्याकडं पाहून राहिला होता. त्याच्या हातातला लहान धोटा दाताच्या मधातच थांबला.

"काय झालं वं?" बाबा म्हणाले.

मी ती लडी तशीच त्यांच्यासमोर धरली. बाबांनी ती दोन बोटात दाबली. एकदा, अन आणखी एकदा. मंग त्यांनी पावडीवरून पाय काढला.

"मी उद्या परत आणणार होतो," दादा म्हणाला. "बाबा, हिरवी इतक्या वेळा आली का लाल यायचीच होती. मी साऱ्या बेकीच्या आकड्यांवर लावले. यायचीच होती. परत हिरवी आली. मंग मले वाटलं, आता तर उद्या नक्कीच... म्हून आणखी एक लडी नेली."

माग थांबला. आमच्यात भर दुपारी, अर्ध्या दातात माग थांबत नसे. पाहुणा आला तरी हातातला दात पुरा करून उठत. माग असा मधातच थांबला तर एकच अर्थ, घरात कोणी गेलं. आमचा आवाज बंद झाल्याबरोबर शेजारचा माग बंद झाला. मंग त्याच्या पलीकडचा. गल्लीत मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता झाली अन बायांच्या चपलांचा आवाज येऊ लागला. वच्छीकाकू पदर सावरत, धावतच येऊन राहिली होती.

"दार लाव," बाबा मायले म्हणाले.

माय उठली. मले वाटलं लावाले उठली. तिनं जाऊन दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या, भिंतीले टेकवून देल्या, अन उंबऱ्यात उभी राहिली.

"कोन गेलं वं?" काकूनं विचारलं.

"कोणी नाही गेलं," माय म्हणाली. "आमचा नत्थू सट्ट्यात रेशीम हारला. शेठजीचं रेशीम. जिवंत हाये पोट्टा, म्हून दार उघडून सांगून राहिली. झाकून ठेवलं अन एक दिवस तुम्हाले खरंच रडाले या लागलं, तर मंग काय करू?"

मायचा आवाज मोठा नव्हता. पण शांततेत साऱ्या गल्लीनं ऐकला. मले तेव्हा इतकी लाज वाटली का रहाटामागं लपली. आज मी म्हातारी झाली, लेकरांच्या लेकरांले खेळवलं, तर मले वाटते, आमच्या घरावर मायचे उपकार हाये, त्यातला सगळ्यात मोठा उपकार म्हणजे थे उघडं दार. लाज झाकली का पोराले अंधारात एकटंच बसा लागते, अन अंधारात त्याले तीच एक वाट दिसते, आणखी एकदा लावू अन भरून काढू.

दादा तेच म्हणत होता. "माय, एकदा. एकच वेळ. मी सारं भरून काढतो."

तेव्हा वच्छीकाकू आत आली. ती नळावर हासे तशी नाही, येगळीच दिसत होती. ती त्याच्यापुढं खाली बसली अन म्हणाली, "नत्थ्या, माह्या घरी हे वाक्य मी रोज ऐकते गा. माह्या लग्नापासून ऐकते. गुंड्या गेल्या, जोडवे गेले, अजून भरून काढणंच चालू हाये." तिनं मायले म्हटलं, "चिंचोके हाये का?" मायनं मूठभर देले. काकूनं दारात गोळा झालेल्या पोट्ट्यांले आत बोलावलं. ठेल्यावर उभे राहणारेच होते सारे. "दहा आकडे हाये न? समजा, तुम्ही दहा जण, एकेकानं एकेका आकड्यावर एक चिंचोका ठेवला. आता आकडा निघाला. एक जण जिंकला. ठेलेवाला त्याले किती देते?"

"एकाले नऊ," एक पोट्टा म्हणाला.

"चिंचोके किती जमले होते?"

"दहा."

"मंग एक कोठी गेला?"

पोट्टे चिंचोके परत मोजू लागले.

"तो रोज जाते," काकू म्हणाली. "तुम्ही जिंका का हारा, तो एक ठेलेवाल्याच्या घरी जाते. मले हे समजाले अर्धी उमर लागली. तुम्हाले फुकट सांगून राहिली, ऐका."

पण दादाच्या डोक्यात नक्षी बसली होती. तो म्हणे, "काकू, थे लोक बिना विचारानं लावते. माही नक्षी खरी हाये. फक्त जरा उशीर लागून राहिला."

बाबांनी हात उगारला नाही. ते खड्ड्यातून वर आले, पडवीतून मिठाचं गाडगं रिकामं करून आणलं, अन माह्या टोपलीतल्या कांड्या त्यात टाकल्या. जितक्या लाल तितक्याच हिरव्या. मले म्हणाले, "दोरा घे. मी कांडी काढीन, रंग सांगीन, तू गाठ मार." ते तोंड दुसरीकडं करून गाडग्यात हात घालत, कांडी काढत, दाखवत, परत आत टाकत, गाडगं हलवत. मी गाठी मारत गेली. पोट्टे जवळ सरकले. मधातच हिरवी येऊ लागली. हिरवी, परत हिरवी, परत हिरवी.

"आता लाल!" दादा एकदम बोलला. "आता येतेच!"

बाबांनी गाडगं त्याच्यापुढं केलं. "तूच काढ."

दादानं हात घातला. हिरवी निघाली. पोट्टे हासले. एक म्हणाला, "नत्थ्या, गाडगं तुह्यावर रुसलं गा." दादाचं तोंड उतरलं.

मंग बाबांनी खांबाचा दादाचा दोरा सोडला. माहा दोरा अन तो, दोन्ही पाठीमागं नेले, फिरवले, अन पुढं केले. "तुह्या डोळ्याले नक्षी दिसते न? सांग. सट्ट्याचा कोणता अन मिठाच्या गाडग्याचा कोणता?"

दादानं दोन्ही दोरे हातात घेतले. उजेडात नेले. बोटांनी एकेक गाठ चाचपली. तो पोट्टा काठातला एक चुकलेला धागा हातभरावरून ओळखे. खूप वेळ पायलं त्यानं. शेवटी म्हणाला, "नाही सांगता येत, बाबा."

"काहून सांगता येत नाही?"

दादानं दोन्ही दोरे खाली ठेवले.

"काठाचा दात परत येते, काहून का तू त्याले परत आणतो," बाबा म्हणाले. "तुह्या हाताले याद हाये, कोठी होता, किती आत गेला. गाडग्याले याद नसते, बेटा. मंघाशी काय निघालं थे त्याले ठाऊकच नाही. त्याच्यासाठी दरवेळी पयलीच वेळ. तू त्याच्याकडून विणकराची मजुरी करून घ्याले गेला."

नत्थूदादा रडला तेव्हा. मोठ्यानं नाही, खांबाले डोकं टेकवून. माय त्याच्याजवळ गेली नाही. पण तिनं ताटात भाकर अन वांग्याची भाजी वाढली अन त्याच्याजवळ ठेवली. म्हणाली, "जेव. मंग लुगडं पुरं कराचं हाये."

"कशानं पुरं करणार?" बाबा म्हणाले.

त्याचं उत्तर गल्लीनं देलं. प्रत्येक विणकराच्या घरी उरलेल्या रेशमाचे तुकडे राहत, कोणाच्या जुन्या कामातले, कोणाच्या मजुरीतून राखलेले. बाया पोरीच्या लग्नासाठी जपून ठेवत. पयले वच्छीकाकूनंच पदराच्या गाठीतून एक लहानशी लडी काढली. मंग दुसरी एक बाई घरी जाऊन आली. मंग तिसरी. कोणाचं तांबडं विटकरी, कोणाचं डाळिंबी, कोणाचं जांभळ्याकडं झुकलेलं. मी एकेकाची गाठ जोडत कांड्या भरल्या. सारं रेशीम माह्या बोटात चुरचुर वाजलं. मी पोटभर जेवल्यासारखी झाली त्या आवाजानं. संध्याकाळच्या आत आमचा माग सुरू झाला, अन आमचा ऐकून शेजारचा.

बाबांनी लुगडं शेठजीकडं नेलं तेव्हा दादाले सोबत नेलं, अन जे झालं थे त्याच्याच तोंडून सांगाले लावलं. शेठजी ओरडले नाही. काठ पायला, रंग बदलते तिथं बोट ठेवलं, म्हणाले, "हे लग्नाले कोण घेईन?" लुगडं परत देलं, रेशमाचे अन कोशाचे पैसे मजुरीतून कापाचे ठरवले, अन रेशमाचं काम बंद. मंग किती महिने आम्ही जाड्या सुताचे पंचे विणले. त्या दिवसांत भाकरीची जागा कण्यांनी घेतली. माय कण्या शिजवे, वर पाणी जास्त घाले, अन म्हणे, "पातळ खाल्लं का आवाज चांगला येते, गाणं म्हणा." ऐतवारची कढी बंद झाली. भुरक्याचा आवाज बंद झाला. मागाचा मात्र झाला नाही.

अन दादा एका दिवसात सुधरला, असं मी सांगणार नाही. लबाडी होईन. पंच्यांचे पैसे हातात आले तेव्हा एकदा तो परत ठेल्यावर गेला. पण घरी आला तर जिलबी घेऊन नाही आला. दारात उभा राहिला अन म्हणाला, "माय, मी आज परत लावले. हारलो." मायनं विचारलं, "कोणी सांगाले लावलं का तुले?" म्हणे, "नाही." "मंग ये, बस," माय म्हणाली. त्यानंतर बाबा सकाळी फळीवर आकडा लिहाच्या वेळेलेच त्याले मधल्या धोट्यावर बसवत. खड्ड्यात पाय गेले का माणसाले उठून जाता येत नाही. बाबा स्वतः बाजूले बसून काठाचा लहान धोटा धरत. बापानं पोराच्या जागी बसायचं अन पोरानं बापाच्या, हे आमच्यात बाप थकला का होते. आमच्या घरी लवकर झालं. शेठजीनंही पुढं कधीतरी रेशीम परत देलं, अन देताना बाबांच्या नाही, दादाच्या हातात देलं.

माहं लग्न त्याच लुगड्यात झालं. विकत कोण घेणार होतं त्याले? सासरच्या बाया काठ पाहून विचारत, हे असं पट्ट्यापट्ट्याचं काहून वं? मी म्हणो, आमच्या गल्लीची नक्षी हाये. तिथं प्रत्येक बाई मले आपल्या रेशमानं ओळखू येये. हे वच्छीकाकूचं डाळिंबी, हे पल्याडच्या बुढीचं विटकरी. साऱ्या गेल्या आता. माय गेली, बाबा गेले. नत्थूदादा तेवढा हाये, माह्या घरासमोरच राहते. माग तर गल्लीत एकही नाही. लुगडं हाये. कोशाले अजून उन्हाचा वास येते.

हे सारं आठवण्याचं कारण माहा नातू बंटी, अकरावीत शिकते. माह्या लिहिणाऱ्या नातीचा सख्खा भाऊ. मोबाईलवर एक रंगाचा खेळ खेळे, मले वाटे लहान पोरांचा असन. लाल का हिरवा, एवढंच. परवा माह्याजवळ बसून आपल्याच धुंदीत बोलला, "आजी, चार वेळा हिरवा आला. आता लालच." माह्या हातातलं सूप तसंच राहिलं. ठेला नाही, फळी नाही, खडू नाही, अन बोलणं शब्दाले शब्द तेच. मी ओरडली नाही. मी पेटीतून लुगडं काढलं, त्याच्या मांडीवर उलगडलं, अन रंग बदलते तिथं त्याचं बोट ठेवलं. सांगतलं सारं. तो ऐकून राहिला, मोबाईल उलटा ठेवून. मंग उठून गेला.

आज नातीले हे सांगत होती तर तो आला. दारात उभा राहिला. म्हणाला, "आजी, माह्या फीचे पैसे गेले त्याच्यात. बाबाले माहीत नाही." मंग बहिणीकडं पायलं. तिनं लिहिणं थांबवलं, विचारलं, "हे नको न लिहू?" त्यानं तिच्या कागदाकडं पायलं. मंग म्हणाला, "लिही." अन मले म्हणाला, "पण आजी, दार लाव न."

मी उठली. गुडघे दुखते, वेळ लागला. दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या अन भिंतीले टेकवल्या. समोरच्या ओट्यावर नत्थूदादा उन्हात बसला होता, पाठ वाकलेली, बोटं अजून आपल्याच नादात आत-बाहेर, आत-बाहेर.

"दादा," मी हाक मारली, "इकडं ये गा जरा. अन येताना एखादं गाडगं आण."